पीएनं वॉर्ड सोडून ऑफिसात जावं का? मिरज-सांगलीतल्या लोकांचं मत हवंय

तासगावची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. विषय माझ्या नोकरीचा आहे, पण हॉस्पिटलात काम करणाऱ्यांच्या आणि तिथं पेशंट घेऊन जाणाऱ्यांच्याही जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पीए आहे, म्हणजे फिजिशियन असिस्टंट. आमदारांचा पीए असतो तशी मी डॉक्टरांची पीए आहे, असं आमच्या भावकीत अजूनही सगळ्यांना वाटतं. आई लग्नाच्या स्थळांना सांगायची, 'डॉक्टरच्या हाताखाली असते'. शिक्षण चार वर्षांचं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मी चेन्नईला शिकले. आपल्या देशात हा अभ्यासक्रम सुरूही तिथंच झाला, १९९२ साली मद्रास मेडिकल मिशनमध्ये, हृदयाचे सर्जन डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकारानं. मूळ कल्पना अमेरिकेतली. ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेल्या चौघांना घेऊन पहिली तुकडी सुरू केली होती.

नऊ वर्षं मी मिरजेत हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात आहे. सर्जन यायच्या आधी माझा राउंड झालेला असतो. छातीतल्या ड्रेनच्या नळीतून रात्रभरात किती आलं, लघवी किती झाली, पोटॅशियम किती आहे, ताप होता का, हे सगळं तयार ठेवायचं. बायपासच्या केसला पायातली शीर काढायला मी असते. संध्याकाळी नातेवाइकांना बसवून समजावून सांगायचं, आणि उरलेल्या वेळात डिस्चार्ज कार्डं लिहायची. स्वतःच्या सहीनं औषध लिहून द्यायचा अधिकार मला नाही, आणि तो असावा असा माझा हट्टही नाही.

गेल्या महिन्यात व्यवस्थापनानं बोलावून विचारलं, की सहायक व्यवस्थापक म्हणून येशील का. वॉर्ड, डिस्चार्ज, सरकारी आरोग्य योजनेच्या फायली आणि तक्रारी एवढं माझ्याकडे येईल. पगार थोडा वाढेल, रात्रीचे फोन कमी होतील. विचार करायला मुदत मागून घेतली आहे.

मला हो म्हणावंसं वाटतंय, त्याचं कारण पगार नाही. दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जत तालुक्यातले एक आजोबा होते, बायपास होऊन आठवा दिवस. सकाळी साडेनऊच्या राउंडला सर म्हणाले, आज घरी जा. आजोबांनी लगेच धोतर बदललं, टोपी घातली, आजींनी पिशव्या भरल्या. कॉटवर ते तसेच टोपी घालून संध्याकाळी सहापर्यंत बसून होते. गावाकडची शेवटची एसटी गेली. मुलानं उसने पैसे घेऊन गाडी केली. छातीचं हाड नुकतं जुळायला लागलेला माणूस, वर नव्वद किलोमीटरचा रस्ता.

त्या दिवशी रात्री मी मागे जाऊन शोधलं की वेळ गेला कुठं. माझं डिस्चार्ज कार्ड अकरा वाजता तयार होतं, पण सर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, होते, सही दीडला झाली. उरलेली औषधं सिस्टरनी फार्मसीला परत पाठवायची असतात. मामा (वॉर्डबॉय) जेवायला गेले होते, ती अडीचला गेली. फार्मसीनं ती बिलातून वजा करायला तास घेतला. मग कळलं की योजनेच्या फायलीत ऑपरेशन नोटची प्रत नाही. ती एमआरडीतून, म्हणजे जुन्या केसपेपरांच्या विभागातून, आणली. यात कुणीही आळस केला नव्हता. ज्यानं त्यानं आपापलं काम केलं होतं, आणि आजोबा टोपी घालून बसले होते.

वॉर्डात असताना मी फार तर एका पेशंटसाठी धावपळ करू शकते. हा सगळा रस्ताच सरळ करायचा असेल तर खुर्ची तिकडची हवी, असं वाटतं. पण भीतीही वाटते. हात विसरतील का? सिस्टर लोकांशी असलेलं नातं बिघडेल का? आणि पदाला खरंच काही वजन असतं, की नुसतीच शिव्या खायची जागा? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा.

आयर्विन पूल

ताई, आधी अभिनंदन. मी बीएएमएस, पण गेली सोळा वर्षं सांगलीत प्रशासनातच आहे. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

२०१९ च्या महापुरातला अनुभव सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्यात आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या रस्त्यावर पाणी आलं तेव्हा माझ्याकडे भरती असलेल्यांची यादी होती. नाव, बेड नंबर, कुठल्या डॉक्टरांचा पेशंट, किती जमा, किती बाकी. एवढ्या यादीवर मी कुणाला आधी हलवणार होतो? जनरेटर तळमजल्यावर, तो किती वेळ चालेल याची खात्री नाही, लिफ्ट बंद करावी लागणार हे दिसत होतं.

तेव्हा आमच्याकडे एक पीए मुलगा होता. त्यानं पंधरा मिनिटांत एका कागदावर चार रकाने केले. स्वतः चालत जिना उतरू शकेल तो. खुर्चीतून न्यावा लागेल तो. स्ट्रेचर पाहिजे, पण ऑक्सिजन नसला तरी अर्धा तास काढेल तो. आणि ज्याचा ऑक्सिजन एक मिनिटही काढता येणार नाही तो. प्रत्येक नावापुढं औषधाचा कुठला पंप चालू आहे आणि बॅटरीवर तो किती वेळ जाईल, तेही लिहिलं. मी त्या कागदावर गाड्या लावल्या. चौथ्या रकान्यातल्या माणसांना वीज असतानाच लिफ्टनं खाली आणून आधी मिरजेकडं पाठवलं. मला गाड्या कुठून आणायच्या ते माहीत होतं, महापालिकेत कुणाला फोन करायचा ते माहीत होतं. पण कोण किती वेळ तग धरेल हे मला माहीत नव्हतं. ज्याला दोन्ही कळतं असा माणूस प्रशासनात पाहिजे, हे त्या दिवशी पटलं ते आजतागायत.

आता दुसरी बाजू. तुम्हाला जे सांगितलंय, वॉर्ड आणि डिस्चार्ज आणि तक्रारी, ते कामाचं एक टोक झालं. कागद हळूहळू तुमच्या टेबलावर येतीलच. रुग्णालयाची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ खाली असते, तिचं नूतनीकरण दर तीन वर्षांनी. अग्निसुरक्षेचं बी फॉर्मचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत. जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनच्या आत. सोनोग्राफी असेल तर एफ फॉर्मचा महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत. एक्स-रे, कॅथलॅबला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी. यातल्या एकाची तारीख हुकली की विचारणा होते आणि ज्याची सही असते त्याला बोलावतात.

म्हणून माझी पहिली विनंती, कामाचं पत्र नीट मागून घ्या. तोंडी ठरलेलं पद आणि लेखी ठरलेलं पद यात फार अंतर असतं. तुमच्या हाताखाली नेमकं कोण, रजा कोण मंजूर करणार, किती रुपयांपर्यंतची खरेदी तुम्ही न विचारता करू शकता, कुठल्या कागदावर तुमची सही असेल आणि कुठल्यावर नसेल. मामा लोकांची दुपारच्या जेवणाची पाळी बदलायचा अधिकार नसेल तर तुमच्या त्या आजोबांची औषधं उद्याही अडीचलाच जाणार.

रात्रपाळी

तासगावची, मी सिस्टर. सव्वीस वर्षं झाली. आता नर्सिंग सुपरिंटेंडेंट मॅडमच्या हाताखाली क्वालिटीचं बघते. तू मनातलं विचारलंस म्हणून मनातलंच सांगते.

पीए मुलं-मुली आम्हाला वॉर्डात हवीच असतात. सर ओटीत असले की आम्ही कुणाला विचारायचं? तुम्हालाच. पण तीच मुलगी उद्या टेबलामागं बसून 'औषधं अजून का परत गेली नाहीत' असं विचारायला लागली, तर वीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरला ते लागतं. तिच्याकडे एका पाळीत किती पेशंट असतात ते तुला माहीत आहे. त्यामुळे एक पाळ. सिस्टरला थेट आदेश देऊ नकोस. ड्युटी लावणं, बोलणं, समज देणं हे सगळं सुपरिंटेंडेंट मॅडमच्या मार्फत. मॅडमना पहिल्या दिवशी जाऊन भेट, चहा घे, आणि काय बदलायचंय ते आधी त्यांना सांग. मीटिंगमध्ये त्यांना ते पहिल्यांदा कळू देऊ नकोस.

दुसरं, मला विचारशील तर एकदम व्यवस्थापक होण्याआधी सहा महिने क्वालिटीत काढ. एनएबीएचच्या, म्हणजे रुग्णालयांच्या दर्जाच्या मानांकनाच्या, नियमांची दहा प्रकरणं आहेत, त्यातली निम्मी थेट पेशंटच्या उशाशी घडणाऱ्या गोष्टींवर आहेत आणि निम्मी संस्था कशी चालते यावर. पेशंटची ओळख दोन खुणांनी पटवली का, हाताची स्वच्छता, चुकीचं औषध गेलं तर त्याची नोंद, कॅथेटरमुळं होणारा जंतुसंसर्ग, जागा, आग, कर्मचाऱ्यांच्या फायली. हे सगळं एकदा फिरून बघितलं की हॉस्पिटलचा नकाशा डोक्यात बसतो. आणि औषधाची चूक झाली तर 'कुणी केली' याच्या आधी 'कशी झाली' हे विचारायची सवय लागते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या एकाच खणात ठेवल्या असतील, तर आज ती सिस्टर चुकली, उद्या दुसरी चुकेल.

खटावकर

आम्ही शेतकरी माणसं, तुमचं पदाचं काही कळत नाही. पण ताईंनी लिहिलेले आजोबा म्हणजे आमचे आप्पाच वाटले. आप्पांना घेऊन मी अकरा दिवस साताऱ्यात होतो. उपचार चांगले झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुठं काय अडलंय ते सांगणारं माणूस नसतं. बिलिंगवाला म्हणतो वॉर्डात विचारा, वॉर्डात म्हणतात बिलिंगला विचारा. थांबायला आमची ना नाही, पण किती वाजेपर्यंत थांबायचं तेवढं कळलं तरी माणूस दोन घास खाऊन येतो. आम्ही जागेवरून उठलो आणि तेवढ्यात बोलावलं तर, म्हणून दिवसभर बसून राहिलो. ताई, तुम्ही त्या खुर्चीवर जाच.

भूलतज्ज्ञ

मी थोडं विरोधात लिहितो. गैरसमज नसावा.

शीर नीट काढणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात. ती शीर ताणली, बारीक फांदी बांधायची राहिली, तर बायपास कसा टिकेल ते त्यावर ठरतं. नऊ वर्षं तयार झालेला हात ऑफिसात बसवणं हे विभागाचं नुकसान आहे, आणि ते तुमच्याशी बोलताना कुणी सांगणार नाही, कारण व्यवस्थापनाला वॉर्डातला गोंधळ दिसतो, ओटीतलं कौशल्य दिसत नाही. आपल्या भागात चांगले अनुभवी पीए मिळत नाहीत. मुलं शिकतात आणि पुण्या-मुंबईला, नाहीतर आखातात जातात. मिरजेला दवाखान्यांची परंपरा मोठी. वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय उभारलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही लोक उपचाराला येतात. ती परंपरा इमारतींवर टिकलेली नाही, असे तयार हात पिढ्यान् पिढ्या इथं राहिले म्हणून टिकली आहे.

तुमच्या जागी दुसरा माणूस तयार होईपर्यंत तरी पूर्ण सोडू नका.

प्रीतिसंगम

मी कराडचा, मीही पीए. दोन वर्षं व्यवस्थापनात जाऊन परत आलो. आज दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा आयसीयूत आहे आणि समाधानी आहे. का परत आलो ते लिहितो. संस्थेचं नाव लिहिणार नाही.

मला योजनेच्या पेशंटचं काम दिलं होतं. मला ते मनापासून आवडायचं. महात्मा फुले योजना आधी राजीव गांधी जीवनदायी नावानं जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. यात पीएचा उपयोग किती आहे ते मी सांगू शकतो. प्रीऑथ, म्हणजे ऑपरेशनआधीच्या मंजुरीची विनंती, पाठवताना अँजिओचा रिपोर्ट, इकोमधला आकडा, लक्षणं किती दिवसांची, हे एकमेकांशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही की योजनेकडून क्वेरी, म्हणजे शंका, येते. कारकुनाला क्वेरी वाचून ती डॉक्टरांकडे न्यावी लागते, डॉक्टर ओटीत असतात, संध्याकाळ होते. मी क्वेरी वाचून केसपेपर उघडायचो, उत्तराचा मसुदा तयार करायचो, सरांना फक्त तपासून सही करावी लागायची. आमच्या क्वेऱ्या त्याच दिवशी सुटायला लागल्या. दिवसभर कॉटवर ताटकळणारी माणसं ऑपरेशनला जायला लागली. नऊ तास टेबलावर बसूनही मला वाटायचं की मी पेशंटजवळच आहे.

मग हळूहळू दुसरं सुरू झालं. मला सांगण्यात आलं, की योजनेच्या पेशंटच्या नातेवाइकांना 'साहित्याचे' म्हणून काही रक्कम भरायला तयार करायचं. बोलायचं मी, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास आहे. पॅकेजमध्ये जे बसतं त्याचे पैसे पेशंटकडून घेता येत नाहीत, योजना कॅशलेस आहे, हे मला आणि सांगणाऱ्यालाही माहीत होतं. पहिल्यांदा एका बाईंसमोर बसलो. त्यांच्या नवऱ्याच्या ऑपरेशनची संमती मीच घेतली होती. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणता म्हणजे भरावेच लागत असतील. मी तिथून उठलो, लेखी नकार दिला, आणि दोन महिन्यांनी बाहेर पडलो.

सगळीकडे असं असतं असं मी म्हणत नाही. चांगल्या ठिकाणी काम करणारे माझे मित्र आहेत. पण ताई, वॉर्डात नऊ वर्षं जो विश्वास तुम्ही कमावला, तो कशासाठी वापरला जाणार आहे, हे आधी ओळखा. तुम्हाला नेमताना कदाचित तोच विश्वास विकत घेतला जात असेल. आणि इथं वाचणाऱ्या पेशंटच्या घरच्यांना सांगतो, योजनेत पैसे मागितले तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठा, किंवा १५५३८८ या मोफत क्रमांकावर तक्रार करा.

अजिंक्यताऱ्याखाली

मी पीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढं एमबीए करू की एमएचए? की डिग्रीविनाही असं पद मिळतं? आणि आपल्या पदवीला सरकारी मान्यता आहे का, घरचे सारखे विचारतात.

आयर्विन पूल

मान्यतेचं आधी. संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय आयोग कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत फिजिशियन असोसिएट म्हणजे तुमचा व्यवसाय आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणून गणले जायला किमान ३,६०० तासांचं शिक्षण लागतं. त्याच अनुसूचीत वैद्यकीय नोंदी आणि आरोग्य माहिती व्यवस्थापनाचाही वेगळा गट आहे, तोही बघून ठेवा, कारण नोंदी संगणकावर चालल्या आहेत.

पदवीचं सांगायचं तर आमच्याकडे पहिलं पद डिग्रीविना मिळतं, तिसरं मिळत नाही. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा रुग्णालय प्रशासनाचा एमएचए आहे, पुण्यात सिम्बायोसिसचा आरोग्य व्यवस्थापनाचा एमबीए आहे. पण आधी दोन-तीन वर्षं वॉर्डात काढा आणि मग जा. नाहीतर वर्गात शिकवलेला आकडा कुठून येतो ते कळत नाही.

आकड्यांचं आलंच आहे तर तासगावच्या ताईंसाठी एक गणित. समजा १०० बेड आहेत. ३० दिवसांत ३,००० बेड-दिवस झाले. त्यातले २,४०० वापरले गेले, म्हणजे ८० टक्के भरलेलं. महिन्यात ४८० पेशंट घरी गेले, तर सरासरी मुक्काम पाच दिवस. आता प्रत्येक पेशंट डिस्चार्ज सांगितल्यावर सहा तास बसतो. ४८० गुणिले ६ म्हणजे २,८८० तास, म्हणजे १२० बेड-दिवस. पाच दिवसांच्या हिशोबानं चोवीस नवे पेशंट या वेळात बरे होऊन गेले असते. व्यवस्थापनाशी बोलताना आजोबांची गोष्ट जरूर सांगा, आणि शेजारी हा कागदही ठेवा. मालकांना पहिली गोष्ट पटते, पण अकाउंटंटला दुसरीच पटते.

विमावाल्या पेशंटसाठी एक हत्यार तुमच्याकडे आहे. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. विनंती कधी पाठवली त्याची वेळ लिहून ठेवायला लावा. बहुतेक ठिकाणी उशीर विमा कंपनीच्या नावावर खपतो आणि प्रत्यक्षात फाईल आपल्याकडूनच दुपारी तीनला गेलेली असते.

विश्रामबागचा, सध्या इंग्लंडात

इथल्या रुग्णालयात काम करतो, म्हणून एक गोष्ट लिहावीशी वाटली. अमेरिकेत पीएंच्या संघटनेनं २०२१ मध्ये 'असिस्टंट' काढून 'असोसिएट' नाव घेतलं. इथं ब्रिटनमध्ये नेमकं उलटं घडलं. २०२५ च्या जुलैत सरकारनं नेमलेल्या प्रा. लेंग यांच्या पाहणीचा अहवाल आला, त्यात 'असोसिएट'वरून पुन्हा 'असिस्टंट' करा अशी शिफारस आहे. कारण पेशंटना समोरचा माणूस डॉक्टर आहे की नाही हे कळत नव्हतं. त्याआधी डिसेंबर २०२४ पासून पीएंची नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिलकडे सुरू झाली होतीच.

व्यवस्थापनात गेल्यावर हा प्रश्न संपत नाही, वाढतो. गळ्यात व्यवस्थापकाचं कार्ड, अंगावर कालचा स्क्रब्ज, आणि नातेवाईक विचारतात, 'मॅडम, गोळी बदलू का?' नऊ वर्षांच्या सवयीनं तोंडातून उत्तर निघून जाईल. ज्या दिवशी तुम्ही प्रशासनाच्या ड्युटीवर आहात त्या दिवशी वैद्यकीय सल्ला नाही, तो त्या दिवशीच्या टीमनंच द्यायचा, हे स्वतःशी पक्कं करा. कार्डावर पद मराठीत, मोठ्या अक्षरांत असू द्या.

तासगावची

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडू दे म्हणून थांबले होते.

प्रीतिसंगम दादा, तुमचा प्रतिसाद मी घरी बाबांना वाचून दाखवला. बाबा द्राक्षाचे व्यापारी बघून बघून शहाणे झालेले. ते म्हणाले, आधी विचार, मग जा. मी मालकांना सरळ विचारलं, योजनेच्या माणसाकडून पैसे मागायला मला सांगणार का? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, नाही, आणि कुणी सांगितलं तर माझ्याकडे ये. मी म्हटलं, तेवढं पत्रात लिहून द्या. दिलं. आयर्विन पूल सरांनी सांगितलेल्या बाकीच्या गोष्टीही पत्रात आल्या. खरेदीची मर्यादा फार छोटी आहे, पण आहे. परवान्यांच्या कागदांवर माझी सही नाही, फक्त तारखांची वही माझ्याकडे.

भूलतज्ज्ञ सर, तुमचं पटलं. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी मी ओटीत असेन, आणि नव्या मुलाला शीर काढायला शिकवीन. विश्रामबागच्या दादांचं ऐकून त्या दोन दिवसांचं कार्ड वेगळं करून घेतलंय.

सुपरिंटेंडेंट मॅडमकडे पहिल्याच दिवशी गेले. माझी कल्पना अशी होती, की उद्या घरी जाऊ शकतील अशांची यादी रात्री आठला तयार करायची, त्यांचं डिस्चार्ज कार्ड रात्रीच लिहून ठेवायचं, सरांनी सकाळच्या राउंडलाच सही करायची आणि उरलेली औषधं रात्रीच परत पाठवायची. मॅडम म्हणाल्या, बाकी ठीक, पण रात्री औषधं परत पाठवली आणि पहाटे पेशंटला ताप आला तर सिस्टर काय देणार? हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग ठरलं, की सकाळच्या डोसपर्यंतचं एका पाकिटात ठेवायचं आणि बाकीचं परत. यादीतल्या नातेवाइकांना रात्रीच सांगायचं, की उद्या दुपारी बाराच्या सुमाराला सुटाल, अडलं तर दर तासाला मी येऊन सांगीन. खटावकर काका, हे तुमच्यामुळं.

पहिल्या दिवशी यादीत पाच नावं होती. तीन पेशंट बाराच्या आत गेले. एकाचं सकाळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) वाढलेलं निघालं, त्याला ठेवलं, ते बरोबरच झालं. पाचवा मात्र चारपर्यंत अडकला, फार्मसीत. रात्री परत आलेल्या औषधांची पिशवी कुणाची तेच सकाळी कळेना, कारण पिशवीवर फक्त बेड नंबर होता आणि त्या बेडवरचा पेशंट रात्रीत आयसीयूतून हलवलेला होता. फार्मसीचे दादा चिडले होते, त्यांचं चुकलं नव्हतं.

परताव्याची चिठ्ठी तुमच्याकडे कशी असते, कुणी सांगेल का?

रात्रपाळी

बेड नंबर लिहायचाच नाही. आयपीडी नंबर, म्हणजे पेशंटचा भरतीचा नंबर, आणि पूर्ण नाव, बस्स. आमच्याकडे तीन प्रतींची चिठ्ठी आहे. एक पिशवीत, एक वॉर्डात, एक फार्मसीची सही होऊन फायलीला. कुपीची बॅच आणि मुदतीची तारीख सिस्टरनी वॉर्डातच लिहायची, म्हणजे फार्मसीत मोजायला वेळ जात नाही. फ्रीजमधली इन्सुलिनसारखी औषधं त्या पिशवीत टाकू नका, ती वेगळ्या डब्यातून हातोहात द्या. सोमवारी कोरी चिठ्ठी पाठवते, तुमच्या मॅडमना दाखव आणि मगच छापायला दे.